'रोज चाला' एवढं लिहून भागत नाही

मनोविकारांच्या ओपीडीतला कुठलाही केसपेपर घ्या. औषधांच्या नावांखाली शेवटची ओळ बहुतेक वेळा तीच असते : रोज अर्धा तास चालणे. लिहिणाऱ्या डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही. बाहेर रांग असते, एकेकाला जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात. झोप, भूक, भास, गोळ्या चुकल्या का, हे विचारून होईपर्यंत पुढचा केसपेपर टेबलावर आलेला असतो. पण ज्याच्यासाठी ही ओळ लिहिली तो सकाळी दहापर्यंत अंथरुणातून उठू शकत नाही. रस्त्यावरचे लोक आपल्याबद्दलच बोलताहेत, असं त्याला वाटतं. गल्लीचं टोक त्याने कित्येक महिन्यांत ओलांडलेलं नाही. त्याला 'चाला' म्हणून कागदावर सांगणं म्हणजे काठावर उभं राहून पोहायला शिकवणं आहे. पाण्यात उतरणारं कुणी नसेल तर ती ओळ लिहिली काय आणि न लिहिली काय.

मनोविकार असलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेणारा माणूस हा उपचाराचा भाग आहे, असं माझं म्हणणं आहे. त्याला मंजूर पद हवं, या कामापुरतं प्रशिक्षण हवं, महिन्याचा पगार हवा आणि उपचारांची चर्चा होते त्या बैठकीत एक खुर्ची हवी. मी स्वतः हेच काम करतो. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत नोकरी शोधत होतो, ती मिळेना, म्हणून एका पुनर्वसन केंद्रात 'तात्पुरता' लागलो आणि तिथलाच झालो. स्वतःच्या पोळीवर तूप ओढून घेतोय असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. मुद्दा तपासून बघावा, एवढंच.

आधी वजनाबद्दल बोलू, कारण पुष्कळ घरांत गोष्ट तिथूनच बिघडते. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारांवरच्या काही औषधांनी, विशेषतः ओलान्झापिन आणि क्लोझापिनने, भूक वाढते, वजन वाढतं, रक्तातली साखर आणि चरबी वाढते. डॉक्टरांना हे माहीत असतं. घरी मात्र त्याचा अर्थ 'आळशी झालाय' असा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाची आई फॉलोअपला येताना त्याच्या पँटी पिशवीत घालून आणायची. केंद्राजवळच्या गल्लीत एक टेलर होता, तो शिवण उसवून कंबर वाढवून द्यायचा. शेवटी शिवणीत सोडायला कापडच उरलं नाही, तेव्हा त्याने हात टेकले. सुमारे त्याच वेळी मुलाने गोळ्या जिभेखाली धरून बेसिनमध्ये थुंकायला सुरुवात केली. 'गोळ्यांनी मी ढोल झालो,' हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गोळ्या सुटल्या, भासातले आवाज परत आले, आणि पुन्हा अॅडमिट करावं लागलं. या सगळ्या साखळीत त्याच्या शरीराकडे बघणं हे कुणाचं काम होतं? मानसोपचारतज्ज्ञ म्हणणार, फिजिशियनला दाखवा. फिजिशियन म्हणणार, मानसोपचाराचं औषध आहे, त्यांनाच विचारा.

गंभीर मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आत्महत्या आहेतच, पण मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसांचे आजार अशा साध्या, ओळखीच्या रोगांचा आहे. मन सांभाळता सांभाळता शरीर हातचं जातं. २०१८मध्ये या संघटनेने गंभीर मनोविकारांसोबत येणाऱ्या शारीरिक आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आहार आणि हालचाल यांवर काम करायला सांगितलं आहे. सूचना निघाल्या म्हणजे वॉर्डात माणूस आला, असं अर्थातच होत नाही.

आता, 'सांगणं' आणि 'करून घेणं' यांतला फरक हा माझ्या अनुभवाचाच मामला नाही. इंग्लंडमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१४ जणांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. गटात बसवून आहार-व्यायामाची माहिती द्यायची, मधूनमधून उजळणी घ्यायची, फोन करायचे. सगळं शास्त्रशुद्ध. वर्षाने वजन केलं तर माहिती मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फरक नव्हता. त्याआधी, २०१३मध्ये, अमेरिकेतल्या मेरीलँडमधून दुसरी बातमी आली होती. तिथे प्रयोगातल्या २९१ जणांपैकी सुमारे निम्म्यांना, ते एरवीही ज्या पुनर्वसन केंद्रांत यायचे तिथेच, आहाराच्या सल्ल्याबरोबर प्रत्यक्ष गटाने व्यायाम करायला लावला. अठरा महिन्यांनी दोन गटांत सरासरी ३.२ किलोंचा फरक पडला. ३.२ किलो म्हणजे फार नाही, जिमच्या जाहिरातीत कुणी छापणार नाही. पण ज्यांचं वजन फक्त वाढतच जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्यांची ही गोष्ट आहे.

सिडनीच्या बाँडाय भागातल्या केंद्राने याहून पुढचं पाऊल टाकलं. पहिल्यांदाच सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार) झालेली तरुण मुलं, औषध नुकतंच सुरू झालेलं, आणि पहिल्या दिवसापासून आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ आणि परिचारिका बरोबर. छोटीशी जिम केंद्रातच. १२ आठवड्यांत या मुलांचं वजन सरासरी १.८ किलो वाढलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं ७.८ किलो. प्रयोग लहान होता, दोन्ही गट मिळून तीसही जण नव्हते, त्यामुळे त्यावर इमला बांधू नये. उलट बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमध्ये ४२८ जणांवरच्या प्रयोगात एका गटाला वर्षभर वैयक्तिक कोच दिले, ते घरीही जायचे, आणि तरीही हाती काही लागलं नाही. त्या मंडळींचं वजन आधीच पुष्कळ वाढलेलं होतं. मी यातून एवढंच घेतो, की उशिरा सुरुवात केली तर चांगला माणूस देऊनही जमेलच असं नाही, आणि नुसत्या भाषणाने तर लवकर सुरुवात करूनही भागणार नाही.

हा माणूस नेमकं करतो काय, हे फारसं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं तपशिलात.

आमचा तास साडेदहाला असतो. सातला ठेवला तर कुणी येत नाही, कारण रात्रीच्या गोळ्यांची सुस्ती तोवर उतरलेली नसते. व्यायाम पहाटेच करावा हा आपल्याकडचा संस्कार इथे खुंटीला टांगावा लागतो. पहिली काही मिनिटं कुणीच काही करत नाही. चहा, कोण आलं, कोण का नाही आलं, कालची मॅच. शिट्टी मी वापरत नाही. रांगेत उभं करत नाही, कारण मागे कुणीतरी उभं आहे ही जाणीव काहींना सहन होत नाही. म्हणून गोल करतो, आणि दार उघडं ठेवतो. एक काका बरेच दिवस भिंतीला टेकून नुसते बघत बसायचे. त्यांना व्यायाम करा असं मी कधी म्हटलं नाही. तास संपला की विचारायचो, 'काका, चटया गुंडाळायला हात लावता का?' चटई गुंडाळायची तर खाली बसावं लागतं, मग उठावं लागतं. हॉलमधल्या सगळ्या चटया गुंडाळून झाल्या की चांगल्या बारा-पंधरा बैठका होतात. पुढे एकदा त्यांनीच विचारलं, 'सर, आधी चटया पसरायच्याही असतील ना?' तेव्हापासून ते वेळेआधी यायला लागले.

दुसरी बाजू औषधांची. बीपीएडच्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, अभ्यासक्रमात मला यातलं अक्षर शिकवलं नव्हतं. एखादा एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, पाय सारखे हलतात. नवख्या शिक्षकाला वाटतं, वा, काय उत्साह! तो औषधाचा परिणाम असू शकतो, आणि त्या माणसाला आतून जीव नकोसा झालेला असतो. त्याला आणखी पळवायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं. कुणाचे हात-पाय ताठ झालेले असतात, चालताना हात हलत नाहीत, तोल जातो. काहींना आडवं पडून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यामुळे शवासनातून कुशीवर, कुशीवरून बसतं आणि मग थांबून उभं, असंच उठवायचं. थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवायचं पुस्तकी कोष्टक तिथे फसतं. लिथियम घेणाऱ्याचा घाम खूप गेला आणि पाणी-मीठ कमी पडलं तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. उलटी, झोकांड्या, हातांची मोठी थरथर दिसली की तास तिथेच थांबवायचा. सोबत दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी घाम येणंच कमी होतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात अशा माणसाला मैदानात धावायला लावणारा शिक्षक त्याचा जीव धोक्यात घालतो, आणि तसं कुणी त्याला सांगितलेलंही नसतं.

मग मनाच्या खुणा. 'डोळे मिटा आणि आत बघा' हे वाक्य योगवर्गात सहज म्हटलं जातं. ज्याला आवाज ऐकू येतात, त्याला डोळे मिटले की आवाजांशिवाय दुसरं काही उरत नाही. आम्ही डोळे उघडे ठेवून, समोरच्या खिडकीचे गज मोजत श्वास घेतो. आसन दुरुस्त करायला अंगाला हात लावायचा नाही. लावायचाच तर आधी विचारायचं, आणि 'नको' आलं तर कारण विचारायचं नाही. बायपोलर आजाराच्या तेजीतला माणूस शंभर सूर्यनमस्कार घालतो म्हणतो, त्याला बारावर थांबवणं ही कला आहे. आणि डबा न खाता दोरीवरच्या उड्या मारत राहणारी मुलगी दिसली तर 'किती मेहनती' म्हणून टाळ्या पिटायच्या नाहीत. तिची दोरी काढून घ्यायची आणि मानसशास्त्रज्ञांच्या कानावर घालायचं. व्यायाम कमी कर असं सांगणाराही शेवटी व्यायामशिक्षकच असावा लागतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग योगशिक्षक आहेतच की. खरं आहे, आणि योगाला माझा विरोध असण्याचं कारणही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या ६१ रुग्णांवर झालेल्या, २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधांच्या जोडीला योग आणि औषधांच्या जोडीला साधा व्यायाम अशी तुलना होती. त्यात योगगट सरस ठरला. आम्हा पीटीवाल्यांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण तिथे योग म्हणजे ठरावीक आसनं, आधी शिकवून घोटून घेतलेली, आणि पुढेही महिनोन्महिने चालू ठेवलेली. २१ जूनला मंडप घालून, मागे बॅनर लावून, सगळ्या वॉर्डांना पांढरे टी-शर्ट वाटून फोटो काढायचा आणि २२ जूनला सतरंज्या परत स्टोअरमध्ये टाकायच्या, याला कुणी उपचार म्हणू नये. आयुष केंद्रांवर योगप्रशिक्षक नेमले गेले, तेही अर्धवेळ आणि मानधनावर. त्यांच्यातल्या कुणाला लिथियम म्हणजे काय हे सांगण्याची सोय सरकारने केली असेल, असं मला वाटत नाही.

यापेक्षा जड आक्षेप वेगळा आहे. देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, आकडा ०.७५च्या आसपास सांगितला जातो. निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मनोविकार आढळला, आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. (सर्वेक्षण झालं त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण आपला अंदाज बांधायचा.) गोळी पोचत नाही तिथे व्यायामशिक्षकाचे चोचले कशाला, हा तो आक्षेप. बिनतोड वाटतो. पण त्यामागे एक गृहीत आहे, की आधी डॉक्टर पुरेसे होऊ देत, मग बाकीचे. त्या हिशेबाने बाकीच्यांची पाळी आपल्या हयातीत येत नाही.

शेजारच्या गोव्याने याचं उत्तर बऱ्यापैकी दिलेलं आहे. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर 'संगथ' संस्थेचा प्रयोग झाला, तो २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशन करणारे मानसशास्त्रातले पदवीधर नव्हते. गावपातळीवरची साधी माणसं होती, त्यांना प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांच्यावर देखरेख होती. पद्धतही साधी : मन लागेल तेव्हा करू, म्हणून थांबायचं नाही. आधी छोटी कृती करायची, मन मागाहून येतं. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण ६४ टक्के होतं, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. हा व्यायामाचा प्रयोग नव्हता हे खरं. पण अंथरुणातून उठून अंगणापर्यंत जाणं, शेजारणीकडे जाऊन बसणं, हे पहिलं पाऊल घ्यायला लावणारा माणूस डॉक्टरच असायला हवा असं नाही, इतकं त्यातून सिद्ध होतं. स्किझोफ्रेनियासाठी गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून कामाला लावायचा असाच एक प्रयोग गोवा, तमिळनाडू आणि आपल्या साताऱ्यातही झालेला आहे. म्हणजे हे परक्या मातीतलं रोप नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम बघा : मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती समाजसेवक, परिचारिका, नोंदी ठेवणारे, वॉर्ड सहायक. शरीर हलवायला लावणारं यात कुणी नाही. मोठ्या मनोरुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग असतो, ते थोडंफार करतात. पण त्यांच्यावर कागदी पिशव्यांपासून मेणबत्त्यांपर्यंत सगळ्याचा भार असतो.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण व्यायामाची बाजू मांडणारे ती गाळतात. मनोरुग्णालय आणि शारीरिक श्रम यांचं नातं जुनं आहे आणि ते सगळं निर्मळ नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं इंग्रजी अमदानीतली. त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांकडून बाग, शेत, माग चालवून घेत. त्याला उपचार म्हणत आणि इस्पितळाचा खर्चही त्यातून भागवत. सक्तीची हालचाल, घंटेवर उठणं, रांगेत कवायत, ही सगळी ताबा ठेवायची साधनं होती. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं २०वं कलम वाचलं की या इतिहासाची सावली दिसते. रुग्णाचं डोकं सक्तीने भादरायचं नाही, त्याला गणवेशाची सक्ती करायची नाही, काम करायला लावायचं नाही आणि त्याने केलंच तर मोबदला द्यायचा. हे लिहावं लागलं, कारण हे होत होतं.

म्हणून व्यायामाचं पद मागताना मला भीती वाटते ती हीच. उद्या वॉर्डात माझ्यासारखा माणूस आला आणि त्याला 'पेशंट दमले पाहिजेत, म्हणजे रात्री त्रास देत नाहीत' असं काम दिलं, तर आपण पुन्हा त्याच अंगणात. 'व्यायामाला आला नाहीस तर चहा नाही' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. बोलणारा परिचर दुष्ट नव्हता, त्याच्यावर एकट्यावर पूर्ण वॉर्ड होता. पण असा व्यायाम शिक्षा आहे. 'नको' म्हणायची मुभा हा या कामाचा पहिला नियम असला पाहिजे, आणि तो नोकरीच्या अटींमध्ये लिहिलेला असला पाहिजे. रोज वीसातले नऊच आले तर ती शिक्षकाची नालायकी समजू नये.

कायद्याच्या त्याच २०व्या कलमात विरंगुळा आणि करमणुकीच्या वाजवी सोयींचा हक्क आहे. व्यवहारात व्यायामाला याच दारातून आत घेतलं जातं, म्हणजे कॅरम बोर्डाच्या शेजारी. एका संस्थेत बॅडमिंटनच्या नव्या कोऱ्या रॅकेटी मी पाहिल्या. कुलूपबंद कपाटात. किल्ली ज्याच्याकडे त्याची ड्युटी कायम रात्रीची. तपासणीला आलेल्यांनी कपाट उघडून रॅकेटी मोजल्या आणि सोय आहे अशी नोंद केली.

बायकांच्या वॉर्डाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथलं मला बाहेरूनच माहीत आहे. बाई शिक्षिका नसेल तर तिथे व्यायाम होतच नाही. गाऊन घालून पुरुषासमोर हात वर करायला कुणी तयार होत नाही, आणि का व्हावं? घरी गेल्यावर तर आणखी कठीण. आजारी मुलगा फिरायला गेला तर घरच्यांना बरं वाटतं. आजारी सून फिरायला निघाली तर 'कुठे चाललीस?' असा प्रश्न येतो. पदं निघालीच तर निम्मी बायकांसाठी राखून ठेवावीत, ही अट मी तरी पहिल्याच अर्जात घालेन.

आता आमच्याच लोकांना दोन शब्द. हल्ली मोबाइलवर दर दुसरा ट्रेनर 'डिप्रेशन? घाम गाळा, गोळ्या फेका' असं सांगताना दिसतो. हा मूर्खपणा आहे, आणि जीवघेणा आहे. व्यायामाने नैराश्य कमी होतं याला आधार भरपूर आहे. १९९९मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नैराश्य असलेल्या १५६ प्रौढांना व्यायाम, औषध किंवा दोन्ही देऊन पाहिलं. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले होते. मात्र औषधवाल्यांना आराम लवकर पडायला लागला होता, हा भाग रील बनवणारे गाळतात. २०२४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने २१८ अभ्यासांचा, १४,१७० लोकांचा आढावा छापला. चालणं-धावणं, योग, वजन उचलणं, सगळ्याचा बरा परिणाम दिसला. पण यातल्या बऱ्याच अभ्यासांचा दर्जा बेताचा आहे, हेही त्याच आढाव्यात लिहिलेलं आहे. आणि हे सारं नैराश्याबद्दल. भास-भ्रम असलेल्या माणसाला गोळी सोडायला सांगणाऱ्या ट्रेनरला मी वॉर्डाच्या फाटकाच्या आत घेणार नाही, त्याचे दंड कितीही भरलेले असोत. आमच्या केंद्रात रोजच्या तासाला मी पहिला प्रश्न विचारतो तो 'गोळ्या घेतल्या का?' हाच.

तेव्हा पद निघायचं तर त्याआधी अभ्यासक्रम निघायला हवा. त्यासाठी महाराष्ट्राला कुणाच्या दारात जायची गरज नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभं आहे, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४पासून. सूर्यनमस्कार घराघरांत पोचवायला औंधच्या पंतप्रतिनिधींनी आयुष्य वेचलं ते याच मुलखात. नाशिकला आरोग्य विद्यापीठ आहे. पुण्यात ससूनच्या आवारात मानसिक आरोग्य संस्था आहे. या सगळ्यांनी एकत्र बसून सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम करायचा म्हटलं तर अडचण बुद्धीची येणार नाही. निम्मा वेळ वर्गात आणि निम्मा वॉर्डात, कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली. औषधं आणि त्यांचे परिणाम, धोक्याच्या खुणा, कायदा, संमती, आणि स्वतः पेशंट राहिलेल्या दोघा-तिघांची व्याख्यानं. ती शेवटची गोष्ट मी सोडणार नाही, कारण 'सर, तुम्ही मागे उभे राहू नका' हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, एका शुभार्थीने, म्हणजे स्वतः या आजारातून जाणाऱ्या माणसाने, शिकवलं. २०२१च्या कायद्याने डॉक्टर-परिचारिकांव्यतिरिक्तच्या आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आणला, फिजिओथेरपिस्ट आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ त्यात आले. आमच्या कामाचीही तिथे कुठेतरी नोंद व्हायला हवी, म्हणजे चुकीचं शिकवणाऱ्याला जाब विचारता येईल.

शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन घरी बसलेली मुलंमुली प्रत्येक तालुक्यात आहेत. शाळांत क्रीडाशिक्षकांची भरती कशी होते हे त्यांना विचारा. त्यातली सगळी या कामाला लायक नसतील. पहिल्या आठवड्यात कुणी अंगावर ओरडलं की काही पळतील, काहींना 'मी यांना सुधारणार' असा ताठा असेल. निवड करताना बैठका किती काढतो हे बघू नये. तासभर काहीही न घडता कुणाच्या शेजारी बसू शकतो का, हे बघावं.

पैशाचा प्रश्न शेवटी ठेवला, पण सगळं अडतं ते तिथेच. हे पद निघेल तेव्हा ते अकरा महिन्यांच्या करारावर निघेल, हे मी आजच लिहून देतो. कुठल्याही नव्या पदाचं तसंच होतं. इथे मात्र त्याची किंमत वेगळी पडते. आमच्याकडे भिंतीला टेकून बसलेला माणूस गोलात यायला कधी कधी अर्धं वर्ष जातं, आणि तो येतो तो व्यायामासाठी येत नाही, समोरच्या ओळखीच्या माणसासाठी येतो. माझ्याआधी इथे होता त्या मुलाचा करार संपल्यावर दीड महिना हॉल बंद होता. मी आलो तेव्हा हजेरीपटावर जुनी नावं भरपूर होती, त्यातली फार थोडी माणसं परत आली. त्यांपैकी एका ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'तुम्ही किती दिवस आहात?' मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या ऑर्डरवरही अकरा महिनेच लिहिलेले होते.